अकरा मॅगझिनी आणि माझ्या दोन

पद्मनाभकडे अकरा मॅगझिनी होत्या आणि नेम एकही नव्हता. हे मी त्याला दर शनिवारी सांगायचे. तो ऐकायचा नाही, कारण त्याच्या कानावर कायम ते आवाज अडवणारे हेडफोन असायचे.

मॅगझीन म्हणजे गोळ्या भरून पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवतात ती डबी. आमच्या खेळात तिच्यात पाचच गोळ्या भरायच्या, पाच उडवायच्या, पुन्हा भरायच्या. आणि सिंगापुरात पिस्तूल तर सोडाच, ही रिकामी डबीसुद्धा कोणी घरी नेत नाही. सगळं नेमबाजी क्लबच्या आर्मरीत, म्हणजे शस्त्रांच्या खोलीत, कुलपात. म्हणजे पद्मनाभने स्वतःसाठी घेतलेल्या अकरा वस्तू आठवडाभर त्याला बघायलाही मिळत नव्हत्या. तरी शहाणपण शिकवायचा मलाच.

"चैत्राली, किमान सहा तरी घे गं," कॅन्टीनमध्ये कोपी, म्हणजे इथली कॉफी, ढवळत तो म्हणायचा. "नेमबाजीची लेन मिळते तासाची. निम्मा वेळ तू गोळ्या भरत बसतेस. मी आधीच सगळ्या भरून टेबलावर मांडतो. मग काय, नुसतं धडाधड."

"धडाधड भिंतीत."

"शिवाय स्प्रिंगला विश्रांती मिळते."

"अरे, स्प्रिंग आहे ती, बाळंतीण नव्हे."

माझं मत साधं होतं. दोन पुरेत. एक पिस्तुलात, एक टेबलावर. गोळ्या भरताना श्वास जागेवर येतो, मनगट सैलावतं, मागची गोळी कुठे गेली याचा विचार होतो. पण आपल्या लोकांना विचार नको, सामान पाहिजे. पुलाउ उबीन बेटावर वर्षातून दोनदा सायकल चालवणार आणि त्यासाठी शर्यतीची चड्डी, शर्यतीचा चष्मा, शर्यतीची बाटली. रस्ता तोच, घाम तोच, आणि तिथे आजोबा लोक चपला घालून यांच्या पुढे निघून जातात.

मात्र एका गोष्टीत माझी बाजू लंगडी होती. पद्मनाभ पक्का सभासद होता आणि मी उमेदवार. उमेदवारी संपली की रेंजचे प्रमुख मिस्टर तेओ परीक्षा घेतात. पास झालात तर आत, नाहीतर बाहेर, आणि बाहेरची रांग वर्षाहून लांब. मला बाहेर जायचं नव्हतं. बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात पाच दिवस मी मीटिंगांमध्ये हसऱ्या चेहऱ्याने 'शुअर, शुअर' म्हणते. बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये माझी लेक गार्गी मला 'मा, रिलॅक्स लाह' म्हणते. रिलॅक्स मी फक्त त्या लेनमध्ये व्हायचे. तिथे तासभर माझ्या डोक्यात कोणीही बोलत नाही, मीसुद्धा नाही.

परीक्षा शनिवारी होती. दोन भरलेल्या मॅगझिनी टेबलावर ठेवून सुरुवात करायची, असा क्लबचा नियम. सुरुवात झकास झाली. मग घामट हातातून एक मॅगझीन सटकली आणि काँक्रीटवर तोंडघशी पडली. वरची कड वाकली. गोळी वर चढेचना. मी हात वर केला.

मिस्टर तेओंनी डबी उलटसुलट पाहिली. "स्पॉइल्ड. यू गॉट स्पेअर?"

नव्हती. मागच्या बाकावर आपली पाळी संपवून बसलेला पद्मनाभ उठला. त्याचं पिस्तूल आणि मी वापरायचे ते क्लबचं पिस्तूल एकाच मॉडेलचं. त्याने तेओंना विचारून एक रिकामी मॅगझीन पुढे केली. त्याच्या भुवया मात्र 'सहा तरी घे' म्हणत होत्या.

त्या मॅगझिनीवर मी परीक्षा पुरी केली आणि चांगली केली. तेओ कागदी निशाण बघून म्हणाले, "नॉट बॅड. आंटी कॅन शूट." मला आंटी म्हटलेलं चाललं, इतकी मी खूश होते.

आणि त्या खुशीतच घोळ केला. अडकलेल्या फेरीसाठी तेओंनी नव्या गोळ्या दिल्या होत्या, म्हणून वाकलेल्या डबीतल्या पाच उरल्या होत्या. त्या काउंटरवर परत द्यायच्या असतात. समोर पद्मनाभची डबी रिकामी पडलेली. आमच्याकडे शेजारचा डबा आला की तो रिकामा परत जात नाही. लाडू, साखर, अगदीच काही नसलं तर मूठभर शेंगदाणे. हात आपोआप चालले. मी पाचही गोळ्या नीट भरल्या आणि मॅगझीन त्याच्या हातात ठेवली.

"थँक्यू हं."

"अगं, असू दे," म्हणत त्याने ती न बघता पिशवीत टाकली आणि आर्मरीच्या खिडकीकडे गेला.

मिनिटभरात ओरडा ऐकू आला. "हू पुट धिस?" तेओंच्या तळहातावर ती मॅगझीन होती. गोळ्यांसकट. भरलेली वस्तू आर्मरीत परत करणं म्हणजे तिथे सर्वांत मोठा गुन्हा. पद्मनाभ पांढराफटक पडला होता. "सर, आय डोंट नो, सर."

गप्प राहिले असते तर मी पक्की सभासद आणि तो बाहेर. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं नाही. मला ते बघवलं नाही.

"आय पुट, सर," मी पुढे होऊन सांगितलं.

"व्हाय?"

आता हे इंग्रजीत कसं सांगायचं? मी सुरुवात केली, पद्मनाभ मदतीला धावला. "कल्चरल, सर. नेबर्स गिव्ह बॉक्स, वुई नेव्हर रिटर्न एम्प्टी. वुई पुट शुगर."

तेओंनी डबीतल्या गोळ्या एकेक करून बाहेर काढल्या. "शुगर कॅन. बुलेट कॅनॉट." मग त्याच्याकडे वळले. "अँड यू? नेव्हर चेक?"

पद्मनाभ मराठीत माझ्याकडे वळून कळवळला, "अगं, देणाऱ्यासमोर डबा उघडून बघतं का कोणी? किती वाईट दिसतं ते!"

माझं डोकं फिरलं. "डबा? गोळ्या आहेत त्या, शिरा नाही! आत काय आहे हे ज्याला माहीत नाही ना, त्याच्याकडे मॅगझिनी जास्त झाल्यात!"

"व्हॉट शी से?" तेओंनी विचारलं.

माणूस प्रामाणिक. त्याने स्वतःविरुद्धचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजी करून सांगितलं. आणि लगेच मराठीत मला, "तुझ्या तर दोनच होत्या. तुला कुठे माहीत होतं, उरलेल्या गोळ्यांचं काय केलंस ते?"

मुद्दा त्याचा बरोबर होता. असं क्वचित होतं.

"व्हॉट ही से?"

मग मी भाषांतर केलं. मलाही करावंच लागलं.

तेओंचा ओठ एका बाजूने हलला. हसले असावेत. निकाल मात्र कडक दिला. माझे गुण कायम, पण सही राखून ठेवली. पुढच्या शनिवारी दोघांनी नवशिक्यांच्या सुरक्षेच्या वर्गात पहिल्या धड्यापासून बसायचं. चुकलो, तर दोघंही बाहेर.

तो आठवडा मी गार्गीला धड उत्तर दिलं नाही. वर्गात आमच्याभोवती पॉलिटेक्निकची पोरं. तेओंनी आमची गोष्ट नाव न घेता सांगितली. "सम पीपल," ते म्हणाले, आणि पोरं आमच्याकडेच बघायला लागली, कारण दुसरं कोणी पांढऱ्या केसांचं नव्हतं. मग त्यांनी एक मॅगझीन माझ्या हातात दिली, एक पद्मनाभच्या. आम्ही दोघांनी एकदम आत पाहिलं, बोट घालून चाचपलं, "एम्प्टी!" असं इतक्या जोरात ओरडलो की एक पोरगी दचकली.

तेओंनी सही केली.

पद्मनाभने सात मॅगझिनी क्लबला देऊन टाकल्या आणि चार ठेवल्या. मी तिसरी घेतली. दोनचं माझं तत्त्व परीक्षेतच काँक्रीटवर आपटलं होतं. एक पिस्तुलात, एक टेबलावर आणि एक पडण्यासाठी.

"अजून एक घे," तो म्हणाला.

"गप रे," म्हटलं आणि पक्की सभासद म्हणून लेनमध्ये उभी राहिले. पहिली गोळी खाली गेली. दुसरी बरोबर मध्ये.