न घेतलेला तुकडा

फौजेतला कुलदीप सुट्टीवर आला, बायको करुणाबरोबर चर्चात गेला, पण तिथल्या प्रभुभोजनातला पावाचा तुकडा काही त्यानं घेतला नाही. हे ऐकून त्याच्या आईचा, भामाबाईचा ऊर भरून आला. लग्नापायी पोरानं करुणाच्या देवाचं पाणी डोक्यावर घेतलं होतं, ते तिनं कधी मानलंच नव्हतं. विद्यानगरच्या गल्लीत घरोघर सांगून आली, "बाटला नाही माझा वाघ!"

मग वाघानं तिच्या हातची भाकरीही परत केली. दुसऱ्या दिवशीही केली.

"अत्तम्मा, ते धर्मापायी नाही," तेलुगू सून सासूला रडत म्हणाली. "सरहद्दीवर माणूस मारला, हात खराब झालेत म्हणतात."

"खराब? सरहद्दीवर वैरी मारला, त्याला खराब म्हणतात होय? तुझ्या पास्टरलाच विचारते."

लेकाला मनगटाला धरून तिनं चर्च गाठलं. "काय वो पास्टरसाहेब, तुमच्या येशूला फौजी चालत नाहीत का? मग सरहद्दीवर तुम्ही जाता का?"

म्हातारा तेलुगू पास्टर हसला. "बैठो, अम्मा." मोडक्यातोडक्या मराठीत त्यानं समजावलं. पहिल्या काळी आमच्यातले पुष्कळ जण हत्याराला शिवत नसत. पुढं जाणत्यांनी वाट काढली. हुकूम राज्याचा असावा, कारण न्यायाचं असावं, मग लढणाऱ्याला पाप नाही.

"ऐकलंस?" भामाबाईनं लेकाच्या पाठीत धपाटा घातला. "सुटलास. ऊठ, जेवायला चल."

कुलदीप उठला नाही.

"त्यानं बंदूक टाकली होती," तो म्हणाला. "हात वर करून पाणी मागत होता. तरी मी मारला."

पास्टरचं हसू गेलं.

"बोला की," भामाबाईचा आवाज चढला. "एवढी वाट काढलीत, अजून थोडी काढा! तुमच्या घरचं काय जातंय?"

"अम्मा, ती वाट तिथंच संपते. हात वर केलेल्याला मारायचं नाही. आता माफी मागायची, बस."

"कुणाची मागू?" कुलदीपनं विचारलं. "त्याच्या आईचं घर मला कुठं ठाऊक आहे?"

यावर पास्टर डोळे मिटून तेलुगूत काहीतरी पुटपुटत राहिला. भामाबाईला त्यातलं अक्षर कळलं नाही. समोरच्या बाकावर दोन पुस्तकं पडली होती, ती तिनं उगीच सारखी केली. मग दोघं घरी आली.

भामाबाईनं गरम भाकरी केली, ताट वाढलं. ठेवायला वाकली आणि तिची नजर त्याच्या हातांवर गेली. ताट तिच्याकडून त्याच्यापासून जरा लांबच ठेवलं गेलं.

कुलदीपनं ते पाहिलं.