आधी भाषांतर ठरू दे

मी बोलतोय, कपाटातला चौथा ग्रंथ. इंग्रजी कॅथलिक अभ्यास-बायबल. पानाच्या वरच्या भागात वचनं, खाली मुंगीएवढ्या अक्षरांत टिपा. कुणीतरी मला वाचून वाचून झिजवेल, अशी माझी समजूत होती. छापखान्यातून बाहेर पडताना सगळेच भाबडे असतात.

दुकानात माझ्या होणाऱ्या मालकांनी मला तासभर चाचपलं. कॅथलिक बायबलातली सगळी त्र्याहत्तर पुस्तकं आत आहेत ना, बिशपांची परवानगी छापलीय ना, बांधणी शिवलेली की नुसती चिकटवलेली. वासही घेतला. गल्ल्यावरच्या बाईंनी विचारलं, ''वाचायलाच नेताय ना?'' मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

घरी माझे तिघे भाऊबंद आधीच होते. एक शब्दाला शब्द ठेवणारा, ताठ. दुसरा सोप्या इंग्रजीतला. तिसरा जुन्या थाटाचा, स्वतःवरच खूश. मालकांनी आम्हा चौघांना टेबलावर उघडं केलं आणि 'परमेश्वर माझा मेंढपाळ' या स्तोत्रातली एकच ओळ धरून बसले. त्या ओळीत एक अंधारी दरी येते; तिथला अंधार मृत्यूचा, की नुसताच काळोख? यावर महाशयांचे महिने गेले. फोनवर मित्रांशी तावातावानं भांडणं झाली. पुढच्या ओळीवर ते कधी गेलेच नाहीत.

पलीकडच्या खोलीत त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. डोळे गेलेले, कान शाबूत. तिला तेच स्तोत्र ऐकायचं होतं.

''बाळा, आज वाचतोस ना?''

''थांब गं आई, आधी भाषांतर ठरू दे.''

''मला कुठलंही चालेल रे.''

''कुठलंही कसं चालेल? अर्थाचा अनर्थ होतो.''

एकदा सूनबाईंनी वैतागून मलाच उचललं. तर आई म्हणाली, ''तू नको गं. त्याच्या आवाजात ऐकायचंय.'' मला परत टेबलावर आणून ठेवलं. मला त्या माणसाची किळस आली.

एका दुपारी ते माझ्या टिपांखाली पेन्सिलीनं रेघा ओढत असताना आई गेली.

अंत्यविधीला मला काखेत मारून ते चर्चमध्ये गेले. निवड अखेर माझी झाली होती. मीही जरा फुगलो होतो, खोटं कशाला बोलू. वाचायला उभे राहिले, तर फादर हळूच म्हणाले, ''ते राहू द्या. इथं चर्चचंच वाचनाचं पुस्तक असतं. भाषांतर ठरलेलं आहे.''

मला बाकावर पालथं टाकून मालकांनी तेच स्तोत्र समोरच्या पुस्तकातून वाचलं. छान वाचलं मेल्यानं, कुठंही अडखळला नाही. शवपेटी बंद होती.

आता आईच्या खोलीत आमचं कपाट आलंय. परवा पाचवा ग्रंथ आला. मालक त्याची शिवण तपासत होते. सूनबाई दारातूनच म्हणाल्या, ''आता कुणाला वाचून दाखवणार?'' त्यांनी पाचव्याचा वास घेतला.

तुमच्या घरात कुणी ऐकायला थांबलं असेल, तर मला घेऊन जा. पाचांत मीच अचूक, असा माझा दावा नाही. टिपा गेल्या खड्ड्यात. घरी पोचल्या पोचल्या, चपला काढायच्या आधी, मोठ्यानं वाचा.