गुरुवारची वाफ, शुक्रवारचं रक्त

जाड

आपलं रक्त जाड झालंय हे कळलं तेव्हा तौनोला आधी थोडा अभिमानच वाटला.

डॉक्टर केर्त्तूंनी पडदा त्याच्याकडे वळवला. "शंभर भाग रक्तात लाल पेशी पन्नासच्या आत असलेल्या बऱ्या. चोपन्नपर्यंत मी चालवून घेते. तुमच्या पंचावन्न आहेत."

"म्हणजे जरा जास्तच चांगलं?"

"म्हणजे लापशी. नळीतून लापशी वाहते का? कुठेतरी गुठळी होऊन बसते. टेस्टोस्टेरॉनच्या सुईनं होतं असं काहींना. सिगारेट ओढता?"

"नाही."

"घोरता?"

"एकटा झोपतो. कुणाला विचारू?"

"पाणी पिता?"

"पितो की."

एवढंच विचारलं गेलं. एक प्रश्न राहिला. पण फिनलंडमधल्या ताम्पेरेत कुणी कुणाला 'तुम्ही सौनात वाफ घ्यायला जाता का?' असं विचारत नाही. 'तुम्ही श्वास घेता का?' असं तरी कुठे विचारतो आपण?

नाव

तौनो जन्मला तेव्हा त्याला मुलीचं नाव ठेवलं होतं. ते आता कुणाच्या तोंडी नाही, इथेही नको. चार वर्षांपूर्वी त्याने सुई सुरू केली, कागदोपत्री पुरुष झाला आणि आजोबांचं नाव घेतलं. त्याला लहानाचं मोठं करणाऱ्या सायमी मावशीने ते ऐकलं आणि हातातली कॉफी खाली ठेवली. (फिनलंडात कुणीच हातातली कॉफी सहसा खाली ठेवत नाही, मावशी तर नाहीच.)

"जगातली सगळी नावं मोकळी पडली होती. त्यातून तू त्या कंजूष म्हाताऱ्याचं उचललंस?"

"मला आवडायचे आजोबा."

"तुला आवडायचे, कारण तू त्यांच्याशी लग्न केलेलं नव्हतंस. माझ्या आईला विचार. बरं, तौनो तर तौनो. बस, खाऊन घे."

त्या दिवसापासून तिची जीभ एकदाही घसरली नाही.

फळी

टेकडीवरच्या त्यांच्या वस्तीत एक जुना सार्वजनिक सौना आहे. डावीकडे बायकांचा, उजवीकडे पुरुषांचा, मध्ये थंड व्हायला एकच अंगण. तिथे सगळे पंचे गुंडाळून वाफाळत बसतात. तौनोने या वस्तीतल्या निम्म्या लाकडी घरांच्या खिडक्या दुरुस्त केल्या होत्या, पण उजवीकडचं दार उघडायला त्याला तीन वर्षं लागली. उघडलं तेव्हा त्याच्या छातीवर शस्त्रक्रियेचे दोन व्रण होते.

वरच्या फळीवर आह्ती बसला होता. निवृत्त रेल्वेवाला. त्या फळीवर गेली कित्येक वर्षं त्याचंच राज्य. त्याने तौनोकडे पाहिलं. व्रणांकडे पाहिलं. मग म्हणाला,

"दार लाव. वाफ जातेय."

आणि सरकून जागा दिली.

तेव्हापासून तौनोचा एकही गुरुवार चुकला नव्हता.

अंगणाचा नियम मात्र कडक. तिथे कामाविषयी बोलायचं नाही, दुखण्याविषयी बोलायचं नाही. पंचा गुंडाळला की पाद्री पाद्री नसतो आणि नगरसेवक नगरसेवक नसतो. जो नियम मोडेल त्याने मागच्या खोपटातून भट्टीसाठी लाकडं आणायची. गेल्या वर्षी एका दातांच्या डॉक्टरने कुणाच्या तरी दाढेबद्दल एक शब्द काढला, तर त्याला बर्फातून चार खेपा घालायला लावल्या होत्या.

काढा

रक्त जाड, तर रक्त काढा. डॉक्टरांनी एक पिशवी काढली. पुढच्या तपासणीत पुन्हा पंचावन्न. आणखी एक पिशवी. पुन्हा तेच. तिसरी.

तपासणी नेहमी शुक्रवारी सकाळी, उपाशीपोटी. मावशीचा नियम असा, की डॉक्टरकडे आणि देवाघरी घामट अंगाने जायचं नसतं. म्हणून तौनो आदल्या संध्याकाळी, गुरुवारी, नेहमीपेक्षा दोन फेऱ्या जास्त वाफ घ्यायचा. अंग पिळून निघायचं. आणि मावशीचा दुसरा नियम, 'उपाशी म्हणजे उपाशी', म्हणून त्यानंतर सकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही. आह्ती बिअरचा डबा पुढे करायचा, त्यालाही तौनो नको म्हणायचा. आपल्या शिस्तीचं त्याला कौतुक होतं.

पाणी

या गोष्टीत पाणी अजून आलेलं नाही.

पातळ

तिसऱ्या पिशवीनंतर तौनो जिना चढताना मधेच थांबायला लागला. झोपला की पाय अंथरुणातच आपोआप चालायला लागायचे. आणि त्याला बर्फ खावासा वाटू लागला. साधासुधा नाही. दुसऱ्यांच्या खिडक्या दुरुस्त करताना तो पागोळ्यांचे गोठलेले सुळे मोडून कडाकडा चावायचा. एका घरमालकिणीने फोन करून मावशीला कळवलं, "तुमचा तौनो माझं घर खातोय."

"लोह संपलंय," डॉक्टर म्हणाल्या. "प्रत्येक पिशवीतून आपण तुमचा साठा उपसला. बर्फ खावासा वाटतो तो त्यामुळेच. आता मी रक्त काढू शकत नाही."

"मग लोहाच्या गोळ्या द्या."

"भरमसाट दिल्या तर लाल पेशी अजून वाढतील."

तौनोने विचार केला. "म्हणजे काढलं तर लोह जातं, भरलं तर लापशी होते."

"हो." त्यांनी तारखा चाळल्या. "शुक्रवारी पुन्हा बघू. चोपन्नच्या वर आलं तर पुढची सुई मी देणार नाही, तौनो. आकडा उतरेपर्यंत थांबायचं."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही."

सुई थांबली तर काय होईल हे त्यांनी सांगितलं नाही, कारण त्याला माहीत होतं. दर महिन्याचं ते परत येईल, जे चार वर्षांपूर्वी तो दाराबाहेर ठेवून आला होता. फळीवर जागा तीच राहील, पण बसणारा तोच राहील का, हे त्याला सांगता येईना.

धिरडी

मावशीने ऐकून घेतलं आणि फ्रीजर उघडला. त्यात डुकराचं रक्त होतं, बाजारातून आणून डब्यांत गोठवलेलं. पुढची तीन लग्नं निभावतील इतकं.

"ती बाई दंडातून काढते ना? मी तोंडातून घालते. बघू कोण दमतं."

रक्ताची धिरडी. काळीभोर, कडेने कुरकुरीत, वर लिंगनबेरीचा आंबट मुरंबा. तौनो खात होता, मावशी लाटणं धरल्यासारखा झारा धरून उभी होती.

"डॉक्टर म्हणाल्या, याच्यासोबत कॉफी प्यायची नाही. आधी तासभर नाही, नंतर तासभर नाही. कॉफी लोह अंगी लागू देत नाही."

झारा हवेत थांबला.

"नंतर तासभर?"

"हो."

"तुझी ती डॉक्टर फिनलंडचीच आहे ना?"

अंगण

गुरुवार. डोळ्यांच्या पापण्या गोठतील अशी थंडी. तौनो दोन फेऱ्या जास्त करून अंगणात आला, उकडलेल्या बिटासारखा लाल. आल्या आल्या त्याने वळचणीचा एक सुळा मोडला आणि चावायला लागला.

बायकांच्या बाजूचं दार उघडलं. पंचा गुंडाळून, डोक्याला लोकरीची टोपी घालून डॉक्टर केर्त्तू बाहेर आल्या. त्या याच महिन्यात वस्तीत राहायला आल्या होत्या. बाकावर रिकामी जागा एकच होती. तौनोशेजारची.

जे बोललं गेलं:

"थंडी आहे."

"आहे."

जे बोललं गेलं नाही:

तुमची तपासणी उद्या आहे ना? आहे. आणि तुम्ही आज इथे? मी दर गुरुवारी इथेच असतो. दर गुरुवारी! प्रत्येक तपासणीच्या आदल्या दिवशी! हो, स्वच्छ होऊन यावं म्हणून. अहो देवा.

हे सगळं डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक गेलं. तौनोला त्यातलं काहीच वाचता आलं नाही. त्याला वाटलं, बाईंना सुळा हवा असेल. त्याने अर्धा मोडून पुढे केला. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

आह्तीने पाण्याचा मग पुढे केला. "घे रे. ओठ फुटलेत तुझे."

"नको. उद्या उपाशी राहायचंय. सकाळपर्यंत थेंब नाही."

डॉक्टरांचं तोंड उघडलं. मिटलं. त्यांनी मागच्या खोपटाकडे पाहिलं, गुडघाभर बर्फाकडे पाहिलं, आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं. पुन्हा तोंड उघडलं.

"बघ, मासा बाहेर काढल्यासारखं करतायत त्या," आह्ती कुजबुजला. "नव्या आहेत. उष्णता सोसली नसेल."

"पाणी प्या!" डॉक्टर ओरडल्या.

कुणाच्या तरी बिअरचा डबा बाकावरून गडगडत गेला.

"उपाशी म्हणजे जेवायचं नाही! पाणी प्यायचं असतं! लिटरभर घाम गाळून, रात्रभर कोरडे राहून आलात तर रक्त जाड येणार नाही तर काय होईल? पाणी बंद करा असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"मावशीने," तौनो म्हणाला.

आह्ती उठला. पंचा सावरला. आवाजात रेल्वेचं फर्मान आलं. "बाई, या अंगणात कुणी डॉक्टर नसतं."

"मग शेजारीण म्हणून सांगते. हा माणूस मूर्ख आहे. आणि त्याला दर वेळी सौनाबद्दल न विचारणारी त्याची डॉक्टर त्याहून मूर्ख आहे."

आह्तीने यावर विचार केला. "शेजारणीला बोलता येतं," तो म्हणाला. "पण विषय दुखण्याचाच होता. लाकडं तिकडे आहेत."

डॉक्टरांनी बूट घातले आणि पंचावर कुणाचा तरी कोट चढवला. तौनोही उठला, कारण दुखणं त्याचं होतं. पहिल्याच खेपेत खोपटाच्या दाराशी तो धापा टाकत टेकला. डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी त्याच्या हातातली मोळी काढून आपल्या मोळीवर ठेवली आणि चालू लागल्या.

अंगणाच्या दाराशी मात्र त्या थांबल्या. हद्दीबाहेर, बरोबर एक पाऊल.

"उद्या येऊ नका. मंगळवारी या. तोवर सौना नाही."

"आणि गुरुवार?"

"गुरुवार तुमचाच. रक्त मंगळवारी देत जा."

मंगळवार

तौनो इतकं पाणी पिऊन आला होता, की रक्ताची सुई टोचण्याआधी त्याला दोनदा उठावं लागलं.

अहवाल आला तेव्हा तो सायमी मावशीच्या स्वयंपाकघरात होता. फोन वाजला. मावशीने गॅस बंद केला, रेडिओ बंद केला, खिडकीतल्या मांजरालाही दटावलं.

"एक्कावन्न," डॉक्टर म्हणाल्या.

तौनो खाली बसला.

"सुई?"

"ठरल्या दिवशी या. देते."

मावशी त्याच्याकडे पाठ करून उगाचच कोरडा तवा पुसत राहिली.

"त्या तीन पिशव्या," तौनो शेवटी म्हणाला. "त्या काढायची गरज होती का?"

"बहुतेक नाही. मला विचारायचं सुचलं नाही."

"मला सांगायचं सुचलं नाही."

"लोह मात्र हळूहळू भरू द्या. गोळी दिवसाआड. धिरडी चालू ठेवा. एकदम चढलं तर आकडा पुन्हा वर जाईल, म्हणून दर महिन्याला बघत राहू. आणि तौनो, बर्फ खाणं आपोआप सुटेल. सुटलं की कळवा."

फोन ठेवल्यावर मावशीने तवा पुन्हा चढवला. पहिलं धिरडं चुरचुरलं. तिने फ्रीजर उघडून आत डोकावून पाहिलं, डब्यांवरून हात फिरवला.

"म्हणजे आता ती रक्त काढणार नाही."

"नाही."

"मग मी एवढं आणून ठेवलंय, ते?"

"खाऊ की, मावशी. पोटभर खाऊ."

मावशी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. तिच्या हाताशी कॉफीचं भांडं भरून तयार होतं, त्यातून वाफ निघत होती.

"आणि नंतर तासभर, कॉफीशिवाय..." तिने विचारलं, घरात कुणी गेल्यावर विचारतात तशा आवाजात, "आपण बोलायचं काय?"