पोटात पाणी, नाकात शिसं

मी अग्निबाण बोलतोय. माझ्या पोटात आग नाही, नळाचं पाणी आहे. तरीही अग्निबाणच म्हणा, मला बरं वाटतं.

जन्माने मी थंड पेयाची दीड लिटरची प्लॅस्टिकची बाटली. १९९६ साली ठाण्याच्या कोपरीतल्या एका लग्नात मला रिकामं करून टाकलं, तेव्हा सुमेधाबाईंनी उचलून थेट पिशवीत घातलं. वऱ्हाडी बघतच राहिले. बाई आठवीला विज्ञान शिकवत. त्यांनी मला उलटं केलं, बुडाला पुठ्ठ्याचं टोकदार नाक लावलं, तोंडाकडे तीन पंख चिकटवले आणि तोंडात रबरी बूच बसवलं. बुचातून सायकलच्या पंपाने हवा भरायची. हवा कोंडली की बूच निसटतं, पाणी जोरात खाली सुटतं आणि मी वर जातो.

"न्यूटनचा तिसरा नियम पाठ करू नका, त्यात भिजा," बाई म्हणत. पोरं मनसोक्त भिजत.

शनिवारी शाळा सुटल्यावर हा तास मैदानावर चाले. मुख्याध्यापकांना तो मुळीच खपत नसे. अभ्यासक्रमात नाही, गणवेश ओले होतात, आणि एकदा मी त्यांच्याच खोलीच्या पत्र्यावर आदळलो होतो. त्यांनी बाईंना बजावलं, "तपासणीला साहेब येतायत. त्यांच्यासमोर नीट उडालं तर ठीक, नाहीतर शनिवारचा तास बंद."

तपासणी म्हटली की आमच्या शाळेत रंगाचे डबे उघडतात. झाडांच्या बुंध्यांना गेरू, कुंड्यांना गेरू. शिपाई रतनमामांकडे थोडा ऑइलपेंट उरला आणि नेमके माझे पंख समोर दिसले. त्यांनी प्रेमाने तीन हात मारले, वर शाळेचं नावही रेखलं. मी इतका देखणा कधीच नव्हतो. खरं सांगतो, मी फुशारून गेलो.

तपासणीच्या दिवशी सकाळी बाईंनी मला उडवून पाहिलं. जरासा वर गेलो आणि कोलांट्या खात खाली आलो. पुन्हा हवा, पुन्हा कोलांट्या. बाईंनी पंप तपासला, पाणी कमीजास्त केलं, काही उपयोग होईना. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

दाजी कोळ्याची सगुणा वर्गात कधी तोंड उघडत नसे. तिने मला मधोमध दोरी बांधून लोंबकळत धरलं. माझी शेपटी धपकन खाली गेली.

"बाई, रंगानं याचं मागचं जड झालंय," ती हळूच म्हणाली. "माझा बापूस जाळं फेकतो ना, तवा शिसं पुढं जातं नि जाळं मागनं येतं. याचं उलटं झालंय."

बाईंनी लगेच विचारलं, "शिसं मिळेल?"

सगुणा कोळीवाड्यात पळत गेली आणि जुन्या जाळ्याचे दोन मणी घेऊन आली. ते माझ्या नाकात बसवले. दोरीवर आता नाक खाली झुकलं.

साहेब आले, चहा झाला, पंप सुरू झाला. मी सुटलो तो सरळ गच्चीच्याही वर. पलीकडची खाडी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"बाई, छान शिकवलंत," साहेब म्हणाले. मुख्याध्यापकही हसले. बाईंनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"साहेब, सकाळी हा पडत होता आणि कारण मला सापडत नव्हतं. ते हिनं सांगितलं. सगुणा, सांग ग."

सगुणा आधी अडखळली, मग दोन्ही हातांनी जाळं फेकून दाखवायला लागली. साहेब खुर्चीतून उठून ऐकत होते. शेरेबुकात त्यांनी लिहिलं, शनिवारचा तास चालू ठेवावा.

त्याला तीन वर्षं झाली. मला तडा गेलाय, मी प्रयोगशाळेच्या कपाटात असतो. मैदानावर आता दुसऱ्या बाटल्या उडतात. मला त्यांचा हेवा नाही, फक्त रंगाच्या डब्यापासून त्यांना जपा.

सगुणा अकरावीला विज्ञान शाखेत आहे. गेल्या शनिवारी ती शाळेत आली होती. बाईंनी तिच्या हातात खडू दिला आणि स्वतः मुलांच्या बाकावर जाऊन बसल्या.