एक्केचाळिसावी लेव्हल

शिरूरहून सुटलेली दौंडची एसटी न्हावऱ्याच्या पुढं आली, तरी हर्षदाचा पाय काही स्थिर राहायला तयार नव्हता.

"आगं, सगळी सीट हलती तुझ्या पायानं," शेजारी बसलेले तिचे आजोबा, गेणबा आबा, म्हणाले. "लिवून धाडलंस न्हवं सकाळी? मग आता कशाची घाई?"

लिहून पाठवला होता तो एका फुकटच्या मोबाइल खेळाचा अहवाल. दौंडच्या एका लहान कंपनीनं पाण्याच्या कोड्यांचा खेळ बनवला होता. तपासनीसाच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्यांना त्यांनी सांगितलं होतं, खेळा आणि गुणदोष लिहा. हर्षदा फिजिक्सची बीएस्सी. निमोण्यात चार दिवस तिनं दुसरं काही केलं नव्हतं. दोन वाजता मुलाखत होती. ही जागा गेली, तर सोमवारपासून मामानं ठरवलेल्या पॅकिंगच्या लाइनवर उभं राहायचं होतं.

गुण तिनं हात आखडून लिहिले नव्हते. खेळाला घड्याळ नाही, चुकलं की मागं जाता येतं, आणि पाणी खरंच पाण्यासारखं वागतं. तळं भरलेलं असलं की जोरात धावतं, उतरलं की रेंगाळतं. दोषांत पहिलाच होता : 'एक्केचाळिसावी लेव्हल सुटत नाही. तीन दारं, प्रत्येक उघडं किंवा बंद, म्हणजे आठ जुळण्या. आठही तपासल्या. जाहिराती बघायला लावण्यासाठी ही लेव्हल मुद्दाम अशी ठेवली आहे.'

'मुद्दाम' या शब्दावर ती सकाळी खूश होती. आता तोच टोचत होता; नोकरी ज्यांच्याकडं मागायची, त्यांच्यावरच आरोप.

"बघू तरी काय हाय," म्हणत आबांनी मोबाइल हातात घेतला. एक तळं, त्यातून निघालेला पाट, पाटाच्या कडेला तीन दारं, प्रत्येक दारामागं एक शेत.

"तिन्ही शेतं भिजली पाहिजेत, आबा. पण भिजत नाहीत. मी सिद्ध केलंय."

आबांनी उभा जन्म पाटकरी म्हणून काढला होता. कालव्याचं पाणी कुणाला कधी द्यायचं, ते ठरवून दारं उघडायची नि बंद करायची, हेच काम. त्यांनी जाड बोटानं सगळ्यात लांबचं दार तेवढं उघडलं. भरल्या तळ्यातून पाणी थेट टोकापर्यंत धावलं. शेत हिरवं झालं. आबांनी तेच दार पुन्हा दाबून बंद केलं, मधलं उघडलं. मग ते बंद करून जवळचं. तळं तळाला गेलं होतं, पण जवळच्या शेताला तेवढं पुरलं.

स्क्रीनवर चांदण्या उडाल्या.

"आधी टेल, म्हंजी पाटाचं टोक, मग हेड," आबा म्हणाले. "जवळच्याला आधी पाजलं तर लांबचा बोंबलत येतो की."

हर्षदानं मोबाइल परत घेतला. तिनं दारांच्या जुळण्या मोजल्या होत्या, त्यांचा क्रम मोजलाच नव्हता. एकदा उघडलेलं दार बंद करायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिनं मेल उघडला. वाटेतल्या चौफुल्यापर्यंत रेंज येत-जात राहिली. दुरुस्ती लिहिली, ती जाईना. मग वाटलं, गप्प बसावं. त्यांनी विचारलं तर बघू. आणि विचारलं नाही तर? पाय पुन्हा सुरू झाला.

दौंडात दुकानावरच्या मजल्यावर एक खोली, तीन टेबलं. कंपनीचे मालक इंद्रजीत सर तिचाच अहवाल समोर ठेवून बसले होते. आबा दाराशी बाकावर टेकले.

"बसा. हे मुद्दाम..."

"सर, तो दोष चुकीचा आहे," हर्षदा उभ्यानंच बोलून गेली. "लेव्हल सुटते. मीच क्रम मोजला नाही. मुद्दाम हा शब्दही चुकीचा."

"कधी कळलं?"

"आत्ता, एसटीत. या माझ्या आबांनी एका झटक्यात सोडवली."

सरांनी वळून आबांकडं पाहिलं, मग हर्षदाला विचारलं, "या लेव्हलला आलेल्या दहांतले सात जण खेळ सोडून जातात. आम्हाला कारण सापडत नव्हतं. तुम्हाला काय वाटतं?"

हर्षदा आता खुर्चीत बसली. "चाळीस लेव्हलींत उघडलेलं दार बंद करायची गरज एकदाही पडत नाही. ते बंद होतं हे खेळ कुठंच सांगत नाही. हा खरा दोष. आबांना सांगावं लागलं नाही, कारण त्यांनी दार उघडं टाकून कधी घर गाठलं नाही."

"आजून एक खोट हाय," आबा बाकावरनं म्हणाले. "भांडायला कुणीच येत न्हाई. रातचं दार फोडणारा एक तरी टाका की त्यात!"

सर हसले, पण हो म्हणाले नाहीत. "अजून दोघांच्या मुलाखती आहेत. संध्याकाळी सहापर्यंत पहिला दोष नव्यानं लिहून पाठवा. मग कळवतो."

स्टँडवर गाडी लागलेली नव्हती. हर्षदा बाकावर बसून लिहू लागली. एक ओळ लिहिली, खोडली, घड्याळ बघितलं. चार वाजून दहा.

"हर्षे, बेचाळिसावी लाव की," आबा म्हणाले.

"थांबा आबा, सहापर्यंत द्यायचंय."

"मग चांगलं दोन घंटं हायेत. लांबचं, शेवटचं आधी लिव, जवळचं मागनं बघू."

तिनं वर पाहिलं, आणि कोरी जागा सोडून शेवटच्या वाक्यापासून लिहायला घेतलं : 'दार बंद न करण्याची ही चूक माझ्याकडूनही झाली.' पाय मात्र हलतच होता.