संत्र्यात मुरलेला हात

मी बोटातल्या रक्ताच्या थेंबातून साखर सांगणारा एक ग्लुकोमीटर बोलतोय. आधीच सांगतो, माझ्या आठवणीची मला खात्री नाही. माझ्यात पाचशे आकडे मावतात. पुढचा आला की सर्वांत जुना पुसला जातो. म्हणून खालचे आकडे केशवरावांच्या वहीतले, आणि बोलणी माझ्या कानावर पडलेली.

केशवराव म्हणजे माझे मालक, अमरावतीचे निवृत्त प्राध्यापक. विषय रसायनशास्त्र. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा तपासायला सांगितलं होतं, हे दिवसातून तीनदा बोट टोचायचे. आकडा कमी आला की माझ्यावर शंका, जास्त आला की स्वतःवर.

एका हिवाळ्यात त्यांच्या पत्नीचा, गोदाबाईंचा, धाकटा भाऊ चंद्रभान मोर्शीकडच्या आपल्या बागेतली संत्री घेऊन आला. स्वतःला खायची नाहीत म्हणून केशवरावांनी सगळ्यांसाठी आठ-दहा सोलली आणि तसंच बोट टोचलं. मी ३४८ दाखवलं.

"गोदा, आजपासून गोळी दुप्पट."

"डॉक्टरले न विचारता? थांबा." गोदाबाईंनी फोन लावला. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, हात धुतले होते का? हात धुऊन पुन्हा तपासलं, तर १३१.

चंद्रभान पोट धरून हसला. "भाऊजी, कॉलेजात पोरायले हेच शिकवलं काय?"

"आता तुहं बोट आण," गोदाबाई म्हणाल्या. त्याच्या पायाच्या अंगठ्याची जखम महिनाभर भरत नव्हती, ते त्यांनी तो आला तेव्हाच पाहिलं होतं.

त्यानं साबणानं हात धुऊन बोट टोचलं. आकडा आला २८६.

"हे संत्र्याचं हाय, बाई. चाळीस वर्षं मुरलाय हात. साबणानं निंगते काय?"

पुन्हा धुतले. २८३. तो हसायचा थांबला. "याच साखरेपायी आबाचा पाय कापला तवापासून मी दवाखान्याची पायरी चढलो नाई."

"आबानं उशीर केला होता, चंदू," गोदाबाई वडिलांबद्दल म्हणाल्या.

केशवराव चाचरत म्हणाले, "आत्ताच मी चुकलो. हे यंत्रही चुकत असेल. म्हणूनच प्रयोगशाळेत रक्त देऊ, आत्ताच. मी खोटा ठरलो तर तुझ्या शिव्या खाईन."

"खा, पण हात धुऊन खा," म्हणत चंद्रभान उठला.

प्रयोगशाळेचा कागद त्यानं घडी करून खिशात घातला, कोणालाच वाचू दिला नाही. पण तोच कागद घेऊन तो डॉक्टरांकडे गेला. गोळ्या सुरू झाल्या, जखमेची पट्टी रोज बदलली जाऊ लागली आणि दोन महिन्यांत अंगठा बरा झाला. हल्ली तो गावात स्वतःच्या मीटरवर लोकांची साखर तपासतो आणि बोट धरण्याआधी दटावतो, "पयले हात धू."

मी आता म्हातारा झालो. पाठीमागचं झाकण रबर बँडनं बांधलेलं आहे. एवढंच मागणं आहे: माझा आकडा पाहून मनानं गोळी वाढवू नका, आणि हसून टाळूही नका. शंका आली तर तपासून घ्या.

मलाही एक शंका होती. त्या दिवशी मी चंद्रभानला उगाच तर घाबरवलं नव्हतं? सहा वर्षांनी, या दिवाळीत, त्यानं तो घडीचा कागद केशवरावांच्या हातात ठेवला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला. आकडा होता २९१.