सोळा लेखण्या आणि भव्या

या, मित्रांनो, जरा जवळ सरका. दाराशी घुटमळणाऱ्यांनीही आत या. घटकाभर बसलात तर एका मुलीची आणि तिच्या आजीची गोष्ट सांगते.

मी एक जुने ईईजीचे यंत्र आहे. बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या एका इस्पितळात अडगळीच्या खोलीत पडून आहे. डोक्याला चिकटवलेल्या तारांतून मेंदूतली इवलीशी वीज माझ्यात यायची आणि माझ्या सोळा लेखण्या ती सरकत्या कागदावर शाईने लिहायच्या. आठ लेखण्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या, आठ उजव्या.

१९८४ साली मी लाकडी खोक्यातून आले, तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला. दर खंडेनवमीला नागोजी मला झेंडूची माळ घालायचा. नागोजी म्हणजे मला चालवणारा, इथल्याच जुन्या मराठा घरातला. त्याला कीर्तनाचे भारी वेड. शनिवारी ऐकलेले आख्यान सोमवारी शाई भरताना मला सांगायचा. पांडुरंगाचे नाव मला त्याच्यामुळेच कळले. पण खरे सांगू? बाकी मी एकटेच. डॉक्टर येत, कागद पाहत, कागद घेऊन जात. माझ्याकडे कोणी पाहत नसे.

१९९४ साली सात वर्षांची भव्या आली. ती बोलत नव्हती, हाकेला वळत नव्हती, कुणी हात लावला की किंचाळायची. स्वमग्न मुलांच्या मेंदूच्या दोन बाजू एकमेकींशी कशा जोडलेल्या असतात, याचा अभ्यास पुण्याहून आलेल्या डॉक्टर हेमलता करत होत्या. त्यांनीच तिला बोलावले होते. सोबत होती तिची आजी, सकवारबाई.

"स्वल्प थांब गं पुट्टी, थोडं थांब बाळा, एवढंच लावतो," म्हणत नागोजी तारा घेऊन पुढे झाला, तशी भव्या टेबलाखाली शिरली. काही केल्या बाहेर येईना. नागोजीने हात टेकले. लेखण्या तरी तपासाव्यात म्हणून त्याने मला चालू केले. खर्र, खर्र, खर्र. भव्या हळूच बाहेर आली आणि माझ्यापुढे उभी राहिली. दहा वर्षांत माझ्याकडे असे कोणी पाहिले नव्हते!

नागोजीने तिची खुर्ची माझ्याकडे वळवली. तिची नजर लेखण्यांवर असताना एकेक तार चिकटवली. ती हलली नाही.

"अहो नागोजी, ती पेन्सकडे बघतेय! डोळे हलले की सगळं रेकॉर्डिंग खराब होतं, माहितीये ना?" डॉक्टर म्हणाल्या.

"होऊ दे की मॅडम. बाकीची पोरं झोपेच्या औषधानं गप्प बसतात. ही जागी राहून बसलीय. आधी बसू दे तरी."

डॉक्टर हसल्या. सकवारबाई मात्र हसली नाही. खाली मान घालून म्हणाली, "डॉक्टरीणबाई, एक विचारू? हिची आई पोटुशी होती ना, तवा मीच तिला कीर्तनाला न्यायची. देवाचं नाव गर्भाच्या कानी पडावं म्हणून पार झांजांच्या पुढ्यात बसवायची. त्या आवाजानंच पोरीचं डोकं बिघडलं ना? सून माझ्याशी बोलत नाही. हिचं हे कळल्यापासून मी पण देवळाची पायरी चढले नाही."

डॉक्टरांनी माझ्या सरकत्या कागदावर बोट ठेवले.

"आजी, इकडे बघा," डॉक्टर म्हणाल्या. "ही मेंदूची डावी बाजू, ही उजवी. मधे तंतूंचा जाड पूल असतो. अशा काही मुलांमध्ये दोन बाजूंची जोडणी जरा वेगळी असावी, असं आम्हाला वाटतंय. का, ते अजून कळलेलं नाही. एकट्या भव्याच्या कागदावरून तर मी काहीच सांगणार नाही. पण झांजांनी हे होत नाही. तुमच्यामुळे हे झालेलं नाही. सूनबाईंना घेऊन या, मी त्यांनाही सांगते."

सकवारबाईने पदर तोंडाला लावला.

"अक्का, आता शनिवारी या," नागोजी म्हणाला. "फक्त पुढं बसू नका. तिथं आमचे भीमसेनबुवा झांज धरतात. त्यांना ताल आहे, दया नाही."

"सरी, अण्णा, बरं, येते," ती रडता रडता हसली.

माझ्या त्या कागदावर डॉक्टरांनी लिहिले, 'डोळ्यांच्या हालचाली. अभ्यासात घेऊ नये.' माझे सर्वांत आवडते लिखाण असे बाजूला पडले.

दोन दिवसांनी सून आली. दाराआड काय बोलणे झाले ते मला कळले नाही. जाताना तिने सासूच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली, एवढे दिसले.

पुढच्या सोमवारी नागोजीने सांगितले, की आजी-नात कीर्तनाला आल्या होत्या. बाहेर, चपलांपाशी बसल्या. भव्याने कानांवर हात घट्ट धरले होते. "पोर सांभाळता येत नाही तर आणावं कशाला?" असे कोणी तरी म्हणाले. अर्ध्या तासाने दोघी उठल्या. त्यापुढच्या शनिवारी पुन्हा आल्या.

मग नागोजी निवृत्त झाला. माझ्या जागी संगणक आला. माझी शाई सुकली. भव्या कधी आत येऊन बसली का, तिला कोणी जागा दिली का, हे मला सांगायला कोणी उरले नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कीर्तनात कानांवर हात घेतलेले मूल दिसले, तर झांज जरा हळू वाजवा आणि त्याच्या माणसांना दूषण देऊ नका. हरिनाम हळू घेतले तरी पोहोचते. आणि कधी देवळात शिरताना चपला काढाल, तेव्हा क्षणभर माझ्या भव्याची आठवण करा.